वाडग्याचं वय मोजपट्टीने

जुनी लाकडी वस्तू दिसली की कोणीतरी हमखास म्हणतं, "कार्बन डेटिंग करून घ्या, वय कळेल." नॉर्वेतल्या रंगीत बियर-वाडग्यांच्या बाबतीत हा सल्ला जवळजवळ निरुपयोगी आहे. लेथवर कातलेले, वेलबुट्टीने रंगवलेले, काठावर अक्षरं आणि कधी साल लिहिलेले हे वाडगे मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. लग्नासमारंभात घरची बियर त्यांतून हातोहात फिरायची. टेलेमार्क, हालिंगडाल या भागांत बहरलेली ही चित्रशैली म्हणजे रोसेमालिंग. अडचण अशी, की साधारण १६५० ते १९५० या काळात हवेतल्या कार्बन-१४ चं (ज्याच्या उरलेल्या प्रमाणावरून हे वय काढतात) प्रमाण इतकं वरखाली झालं की एकाच मोजणीला तीन-चार निरनिराळे काळ जुळतात.

मग आधी लाकूडच पाहावं. पावसाळ्यात दार फुगतं ते रुंदीत. उंचीत ते वाढल्याचं कोणी पाहिलेलं नाही. लाकडाच्या पेशी म्हणजे खोडाच्या दिशेने उभ्या असलेल्या नळ्या. त्यांच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे बरेचसे नळीच्या लांबीलाच समांतर असतात. पाण्याचे रेणू या धाग्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना बाजूला सारतात. धाग्यांची लांबी मात्र तेवढीच राहते. पाणी गेलं की धागे पुन्हा जवळ येतात, म्हणून लाकूड आडवं आकसतं, उभं जवळजवळ नाही. आडव्यातही दोन प्रकार: खोडाच्या मध्यापासून सालीकडे आकसणं कमी, वाढीच्या वलयांना धरून जास्त, कारण मध्यातून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशी त्या दिशेला आधार देतात. बर्चचं ओलं लाकूड पूर्ण वाळताना वलयांच्या दिशेने सुमारे ८ टक्के आकसतं.

आता हिशोब करू. पेशीभिंती पूर्ण भिजलेल्या असतात तेव्हा लाकडात सुमारे ३० टक्के पाणी असतं. समजा १८ टक्के ओलाव्याच्या बर्चमधून ३० सेंटिमीटरचा गोल वाडगा कातला आणि शेगडीने तापलेल्या घरात तो ८ टक्क्यांवर आला. ३० पैकी १० टक्के ओलावा गेला, म्हणजे ८ टक्क्यांचा तिसरा हिस्सा आकुंचन. लाकडाच्या रेषांना, म्हणजे त्या नळ्यांच्या दिशेला, आडवा व्यास सुमारे ८ मिलिमीटरने घटला, रेषांच्या दिशेचा जिथल्या तिथे राहिला. वाडगा लंबगोल झाला!

पण लंबगोल म्हणजे जुना, असं लगेच म्हणू नका. ओल्या लाकडातून कालपरवा कातलेला वाडगाही महिन्याभरात लंबगोल होतो. खरी साक्ष लाकूड आणि रंग मिळून देतात. तळाशी कंपासने आखलेलं रंगीत वर्तुळ असेल तर तेही मोजा. वाडग्याइतकंच तेही चपटलं असेल, तर आकुंचनाच्या आधी रंग लागला होता. वर्तुळ अचूक गोल आणि वाडगा लंबगोल असेल, तर रंग लाकूड वाळल्यावरचा आहे. रंग भेगेच्या आत उतरलेला दिसला तर भेग आधीची. जुन्या रंगातल्या चिरा बऱ्याचदा लाकडाच्या रेषांना समांतर धावतात, कारण हिवाळ्या-उन्हाळ्यात लाकूड आडवंच हलत राहतं. काठावरच्या सालाला मी शेवटचा मान देते. ते कुंचल्याने केव्हाही लिहिता येतं. फोटोवरून वय सांगणाऱ्या ॲपचंही तेच, नुसत्या फोटोवरून व्यास नेमका मोजता येत नाही.

 

रंगाची रसायनंही बोलतात. टायटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगाचं औद्योगिक उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत सुरू झालं. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या, म्हणजे क्ष-किरण टाकून रंगातली मूलद्रव्यं ओळखण्याच्या, तपासणीत मूळ पांढऱ्या रंगात टायटॅनियम भरपूर सापडलं, तर काठावर १७९० लिहिलेलं असूनही ते चित्र विसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं. असे वाडगे लबाडीचेच असतात असं नाही. १९०७ मध्ये नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या पेर लिस्ने यांनी विस्कॉन्सिनमधल्या स्टॉटनला रोसेमालिंग पुन्हा रुजवलं, आणि त्यानंतर तिकडे रंगवलेल्या कितीतरी वस्तू प्रामाणिकपणे नव्याच होत्या.