अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन: उघड्या छातीपासून रोबोटपर्यंत

रोबोटने ऑपरेशन केलं की रिझल्ट चांगला येतो का, असं कुणी विचारलं की आधी बघावं लागतं, चांगला म्हणजे कशाच्या तुलनेत? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

अन्ननलिका छातीत अगदी आत असते, हृदयाच्या मागे, मणक्याला लागून, त्यामुळे तिथे पोचायचं तर छाती उघडायलाच लागायची. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक यांनी छातीतला कॅन्सरचा भाग यशस्वीपणे काढला, पण उरलेली टोकं जोडता आली नाहीत, मग मानेतल्या भोकापासून पोटातल्या भोकापर्यंत शरीराबाहेरून एक रबरी नळी लावली आणि ती बाई त्या नळीवर जेवत पुढे दहाहून जास्त वर्षं जगली! मला हे आजही थक्क करतं. १९४६ मध्ये आयव्हर लुईस यांनी पोट आणि उजवी छाती उघडून जठरच वर नेऊन जोडायची पद्धत मांडली, ती अजूनही वापरतात.

खरा घात व्हायचा तो ऑपरेशननंतर. बरगड्या फाकवलेल्या, एका बाजूचं फुफ्फुस कित्येक तास बंद ठेवलेलं, दुखतंय म्हणून पेशंट नीट खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून १९९० च्या दशकात दुर्बीण आली, म्हणजे छाती न उघडता छोट्या भोकांतून कॅमेरा आणि हत्यारं घालून ऑपरेशन. २०१२ च्या 'टाइम' (TIME) नावाच्या ट्रायलमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत फुफ्फुसाचं इन्फेक्शन ओपनमध्ये, म्हणजे छाती उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये, २९ टक्के पेशंटना झालं, दुर्बिणीत ९ टक्के, म्हणजे मोठी मजल तेव्हाच मारून झाली होती.

रोबोट त्यानंतरचा, त्याचे हात सर्जनच चालवतो. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या ट्रायलमध्ये (२०१९) ऑपरेशनशी संबंधित कॉम्प्लिकेशन्स रोबोटमध्ये ५९ टक्के, ओपनमध्ये ८० टक्के. आकडा भारी आहे, पण तुलना ओपनशी आहे, दुर्बिणीशी नाही, आणि जाहिरातीत नेमकं हेच गाळलं जातं याचा मला राग येतो. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, ४० टक्क्यांच्या आसपास.

दुर्बिणीशी थेट तुलना चीनमध्ये झाली, ३५८ पेशंट, २०२२ मध्ये रिझल्ट छापून आले. रोबोटने वेळ साधारण ४० मिनिटांनी वाचला, कॉम्प्लिकेशन्समध्ये मात्र ठोस फरक नाही. फायदा दिसला तो एका अवघड कोपऱ्यात, डावीकडे आवाजाच्या नसेला चिकटलेल्या लसिका ग्रंथी (कॅन्सर पसरतो त्या गाठी) काढताना, तेही ज्यांना आधी केमो वगैरे दिलं होतं त्यांच्यात. तिथे जागा चिंचोळी, नसेला धक्का लागला की आवाज बसतो आणि खाताना ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं, त्यामुळे मनगटासारखी वळणारी रोबोटची हत्यारं तिथे कामाला येतात.