किडनीच्या पेशंटसाठी हळदीची कॅप्सूल मागवताय? आधी एवढं वाचा

रोज दोन-तीन फोन तरी याचेच असतात, भुसावळ, अमळनेर, पार शहाद्याहून सुद्धा. भाऊ, वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा कचरा) वाढलंय, हळदीची कॅप्सूल पाठवा, सूज उतरते म्हणे. डॉक्टरांना विचारलं का म्हटलं तर उत्तर ठरलेलं, अहो हळदच तर आहे, रोज वरणात खातोच की.

इथंच घोळ होतो. चार माणसांच्या वरणात अर्धा चमचा हळद पडते, आणि हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा औषधी घटक, साधारण ३ टक्के. आमच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्क्यांचा अर्क आहे, म्हणजे एका कॅप्सूलइतकं कर्क्युमिन पोटात जायला चांगली पाच चमचे हळद फाकावी लागेल. वर त्यात मिऱ्याचा अर्क, कारण नुसतं कर्क्युमिन अंगाला लागत नाही. पण मिऱ्यातलं पिपरीन दुसऱ्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं, म्हणून किडनी बदललेली आहे, टॅक्रोलिमस (नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून देतात ते औषध) चालू आहे किंवा रक्त पातळ करायची गोळी आहे अशा माणसाला आम्ही ही कॅप्सूल देतच नाही.

मग काही जण म्हणतात कॅप्सूल राहू द्या, साधी हळदच दोन-दोन चमचे दुधातून देतो. त्यात वेगळीच अडचण आहे. १०० ग्रॅम हळदीत जवळपास २ ग्रॅम ऑक्सलेट (मुतखडा करणारा क्षार) असतं आणि ते बहुतेक पाण्यात विरघळणारं, त्यामुळं आतड्यातून रक्तात सहज जातं. धडधाकट किडनी ते लघवीवाटे काढून टाकते, पण किडनी आधीच थकलेली असेल तर ते कॅल्शियमला चिकटून किडनीतच बारीक खडे होऊन बसतं. रोज हळदीचं सप्लिमेंट घेऊन किडनी अशी बिघडलेल्या पेशंटच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. आपल्याकडं रावेर-यावलच्या घरात सुद्धा डॉक्टरांनी पोटॅशियमसाठी केळी बंद सांगितली की बंद होतात, बागेत घड लटकत असले तरी, पण हळद कुणी मोजत नाही.

फायद्याचं म्हणाल तर कॅनडात किडनीच्या जुन्या आजाराच्या पेशंटना सहा महिने कर्क्युमिन देऊन बघितलं, लघवीतून जाणारं प्रोटीन, म्हणजे किडनी बिघडल्याची खूण, काही कमी झालं नाही. म्हणून क्रिएटिनिन उतरेल असं आम्ही कुणालाच सांगत नाही, कितीही गिऱ्हाईक तुटलं तरी.

आता कळकळीची विनंती. ऑर्डर देताना किडनीचा आजार लपवू नका. गुडघेदुखीसाठी म्हणून बाटली नेतात, आठ दिवसांनी डायलिसिसच्या डॉक्टरांनी बंद करा सांगितलं म्हणून सील तोडलेली बाटली परत आणतात आणि पैसे मागतात. उघडलेली बाटली आम्ही दुसऱ्याला विकू शकत नाही, ती फेकावी लागते, आणि त्या आठ दिवसांत पेशंटच्या पोटात काय गेलं ते वेगळंच. तुमचाच माल आणि तुम्हीच नाही म्हणता असं बरेच जण रागावून बोलतात, बोलू द्या, पण किडनीच्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी असल्याशिवाय आम्ही बाटली देणार नाही. सील तोडलेली बाटली परत घेणार नाही, सील शाबूत असेल तर १५ दिवसांत पूर्ण पैसे परत.

घरातल्या भाजी-वरणापुरती हळद मात्र बहुतेकांना चालते, डॉक्टरांनी आहारात बंद सांगितली नसेल तर. ती निदान चोख घ्या. बाजारात रंग चढवायला काही जण लेड क्रोमेट ही शिशाची पिवळी पूड मारतात, त्यातलं शिसं किडनीला फार वाईट. आम्ही अख्खं हळकुंड आणतो, दुकानात तुमच्यासमोर दळून देतो, अर्धा किलोपासून पुढं. किडनीच्या पेशंटच्या घरी आम्ही हीच सुचवतो, कॅप्सूलपेक्षा आम्हाला यात कमी सुटतं तरी.

फोन करताना पेशंटचा शेवटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा. दुपारी १ ते ४ दळण चालू असतं, फोन ऐकू येत नाही, सकाळीच करा.