आईच्या खाणावळीची वही

या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. आई म्हणजे माझी आजी, मम्मीची आई. घरात आणि चाळीत सगळे तिला आईच म्हणायचे, म्हणून सख्ख्या आईसाठी माझ्याकडे 'मम्मी' एवढाच शब्द उरला. जेवायला येणारे गडी मात्र तिला मावशी म्हणत. श्राद्धाच्या तयारीत पोटमाळ्यावरून वह्यांचा गठ्ठा खाली आला आणि माझ्या भाच्याने विचारलं, एवढ्याशा खोलीत ही बाई वीस-बावीस परक्या पुरुषांना रोज दोन वेळा जेवायला का घालत होती? भात-आमटीवर काय मिळत असेल तिला?

त्याला नीट सांगायचं तर तारदेवपासून सुरुवात करावी लागते. १८५४ साली कावसजी दावर यांनी तिथे मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली आणि दोन वर्षांनी ती सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी, डिलाईल रोड असं गिरणगाव पसरलं. कामाला माणसं आली ती रत्नागिरीतून, साताऱ्यातून, घाटावरून आणि तळकोकणातून. आली ती एकटी. बायकापोरं गावी शेतावर. पगार कुटुंब आणण्याइतका नव्हता आणि जागा तर नव्हतीच. एका गाळ्यात दहा-पंधरा गडी राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. ट्रंक भिंतीला, कपडे दोरीवर. स्वयंपाकाला ना जागा ना वेळ. मग ज्याची बायको मुंबईत आहे अशा एखाद्या घरी महिन्याच्या बोलीने जेवण लावायचं. हीच खाणावळ. पाटी नाही, परवाना नाही, टेबल-खुर्ची नाही.

बायकाच ही कामं का करत होत्या, यालाही कारण आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, बहुतेक रिळिंग आणि वायंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. नंतर यंत्रं बदलली, माणसं कमी केली गेली. बायकांना रात्री कामावर ठेवायला कायद्याने बंदी होती, त्यामुळे पाळ्या वाढल्या तशी त्यांची अडचण वाटू लागली. १९२९ च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागणार म्हटल्यावर मालकांना त्या महाग वाटू लागल्या. आईची पिढी मुंबईत आली तोवर गिरणीतल्या बायका बऱ्याच कमी झाल्या होत्या. गिरणीचा दरवाजा बंद, पण गिरणीच्या पोटाचं काम घरात चालू.

आई पाटण तालुक्यातली. लग्न होऊन १९५५ च्या सुमारास डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आली. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळी, एकेक खोली १६० चौरस फुटांची. आजोबा साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, पण बदली कामगार. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. महिन्याला कधी वीस दिवस भरायचे, कधी आठ. तेव्हा आईने गावचे चार गडी जेवायला घेतले. चाराचे बावीस कधी झाले, तिलाही आठवत नव्हतं.

दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. पहिली पाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. पंगती त्या हिशोबाने. भोंगा झाला की जिना वाजायचा. मम्मी नऊ वर्षांची असल्यापासून शाळेआधी पीठ मळून द्यायची. सोमवार-गुरुवार शाकाहार, बुधवारी सुकट, रविवारी मटण, एरवी आमटी-भात, भाकरी आणि स्वस्त असेल ती भाजी. वाणसामान उधारीवर, त्याचे पैसे पगार झाल्यावर. गड्यांचा पगार दहा-बारा तारखेला, म्हणजे महिनाभर जेवण आधी आणि पैसे नंतर. मधली खिंड भरायला सावकार. आईचं मंगळसूत्र वर्षातून दोनदा तरी गहाण पडायचं.

एक गोष्ट आठवणी सांगताना सगळे टाळतात, ती सांगते. वह्यांमधली आडनावं बघितली तर सगळी आजूबाजूच्या सात-आठ गावांची आणि एकाच जातीची. गिरणगावातल्या बहुतेक खाणावळी अशाच होत्या, चवीसकट जातीच्या. गिरणीतही वेगळं नव्हतं. साच्यावर धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्या उष्ट्याचा विटाळ मानला जाई, म्हणून विणकाम खात्यात दलित कामगारांना घेऊ देत नसत. आई प्रेमळ होती हे खरं, आणि तिच्या पंगतीला कोण बसू शकत होतं हेही खरं.

आता वही. शाळेच्या दोनशे पानी वह्या, अशा सात उरल्यात. प्रत्येक गड्याची एक ओळ, नावापुढे गाव किंवा खातं. सकाळी जेवला की उभी रेघ, रात्री जेवला की तिच्यावर आडवी. पूर्ण भरलेला दिवस म्हणजे अधिकचं चिन्ह. चौकोन रिकामा, तर खाडा. आईचा नियम असा की सलग चार दिवस गावी गेलास तरच खाडे कापणार, एक-दोन दिवसांचे नाही, कारण तुझ्या नावाचं धान्य मी भरलेलं असतं. यावरून दर महिन्याला भांडणं व्हायची. ती कधी हरली नाही.

सगळ्यात जुन्या वहीत १९६७ चा डिसेंबर आहे. ११ तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मुंबईतही हादरा बसला. आई तेव्हा स्टोव्हसमोरच बसलेली, फळीवरच्या पराती वाजल्या एवढंच तिला कळलं. दुपारी रेडिओवर बातमी आली, कोयनानगर-पाटण. संध्याकाळपर्यंत अर्धी खोली रिकामी. वहीत त्या तारखेनंतर चौदा ओळी कोऱ्या आहेत, काहींच्या दहा दिवस, एकाची महिनाभर. त्या महिन्याच्या हिशोबात कोणाचेच पैसे लावलेले नाहीत. नियम मोडल्याचं सातही वह्यांत एवढं एकच ठिकाण मला सापडलं.

सत्तरच्या दशकात या बायकांकडे पहिल्यांदा कोणाचं लक्ष गेलं. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी गिरण्यांच्या संपात पाहिलं, की गडी लढत होते ते खाणावळवाल्या बायकांच्या उधारीवर, आणि त्या भांडी विकून, दागिने मोडून त्यांना जेवू घालत होत्या. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ लाच झालं होतं, पण गहाण ठेवायला काही नसलेल्या बाईला कर्ज देतंय कोण? मंडळाने बायकांचे गट केले, एकीला दुसरी जामीन, आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. आई दुसरी शिकलेली. बँकेत अंगठा उठवायचा नाही म्हणून तिने आठवडाभर रात्री मम्मीकडून सही गिरवून घेतली. तो कागदही वहीतच आहे. पहिल्या तीन ओळींत 'बाई'चा 'ई' राहून गेलाय. त्या कर्जातून तिने आधी मंगळसूत्र सोडवलं आणि मग तांदूळ भरले. बँकेला काय सांगितलं ते विचारू नये.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. या संपावर भरपूर लिहिलं गेलंय, मी वहीतलं तेवढंच सांगते. जानेवारी, फेब्रुवारी पूर्ण भरलेले, अधिकची चिन्हं ओळीने. पैशाच्या रकान्यात काही नाही. शिमग्याला गडी गावी गेले आणि निम्मे परतलेच नाहीत. जूनमध्ये वाण्याने उधारी थांबवली. ऑगस्टच्या पानावर पाच ओळी उरल्यात, त्याही सकाळच्याच रेघांच्या, कारण रात्रीचं जेवण तिने बंद केलं होतं. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. आजोबांना गिरणीने परत बोलावलं नाही. आई ऑफिसांच्या डब्यांसाठी पोळ्या लाटू लागली, शेकड्यावर. पुढची वीस वर्षं घर त्यावर चाललं.

२०१२ पासून गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती निघू लागल्या तेव्हा मामाने आजोबांच्या नावाने अर्ज भरला. तिकीट नंबर, हजेरी, फंडाचा कागद, सगळं जपून ठेवलेलं होतं. आई बाजूला बसून बघत होती. तिने आपल्या वह्या आणून त्याच्यापुढे ठेवल्या. मामा म्हणाला, "आई, याला कोण विचारतंय?" तिने त्या उचलून परत माळ्यावर टाकायला लावल्या, आणि चहा टाकू का म्हणून विचारलं.

शेवटच्या वहीत अकरा नावांपुढे तिच्याच अक्षरात 'गावी' असं लिहिलेलं आहे. बाकीच्या रकमा तशाच, एकही खोडलेली नाही. भाच्याने मोबाइलवर बेरीज मांडली, तर मम्मी म्हणाली, ते राहू दे, आधी पीठ मळ. श्राद्धाचा स्वयंपाक रीतीप्रमाणे होईल. दुसऱ्या दिवशी बुधवार आहे, त्यामुळे सुकट ठरलेलीच.