एका नॉटचा रेटा

ड्रिफ्ट डाइव्हमध्ये, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत केलेल्या स्कूबा डाइव्हमध्ये, पाणी वाहतंय हे अंगाला कळतच नाही, कारण तुम्ही आणि पाणी एकाच वेगाने चाललेले असता, फक्त खालचा रीफ (प्रवाळाचा खडक) झरझर मागे पळताना दिसतो. खरा जोर कळतो थांबायला गेलं की. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशात ब्लू कॉर्नर या डाइव्हच्या जागी डायव्हर दोरीला बांधलेला बोथट हुक मेलेल्या खडकाच्या फटीत अडकवतात (जिवंत कोरलला कधीच नाही, प्लीज) आणि पतंगासारखे तरंगत शार्क बघत बसतात, तेव्हा मान जरा वळवली तरी मास्क थरथरतो, निघून जाईल की काय असं वाटतं.

1 नॉट म्हणजे ताशी जेमतेम 1.85 किमी, आपण यापेक्षा जोरात चालतो. पण पाणी हवेच्या साधारण 800 पट दाट, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो आणि त्याच्याविरुद्ध पोहायला ताकद आठपट लागते! म्हणून टँक आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) घातलेला तगडा माणूससुद्धा 1 नॉटच्या समोर फार वेळ टिकत नाही. धाप लागते, टँक भराभर रिकामा होतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि त्याने घाबरायला आणखी होतं.

वेळ भरती-ओहोटी बघून ठरते. फ्रेंच पॉलिनेशियातल्या रांगिरोआ या प्रवाळबेटाच्या तिपुता पासमध्ये (समुद्र आणि बेटाच्या आतलं लगून, म्हणजे खाजण, जोडणारी वाट) भरती आत येताना उतरतात, तेव्हा समुद्राचं स्वच्छ पाणी तुम्हाला लगूनकडे नेतं, ओहोटीला तेच पाणी गढूळ होऊन उघड्या समुद्राकडे ओढतं.

मला सगळ्यात जास्त धास्ती डाउनकरंटची वाटते. पाणी भिंतीवर आदळून खाली वळतं आणि तुम्हालाही घेऊन जातं. ओळखायचं कसं तर बुडबुडे बघा, स्वतःचे बुडबुडे वर जायच्या ऐवजी घुटमळायला किंवा खाली जायला लागले की समजायचं. तेव्हा सरळ वर झगडू नका, भिंतीपासून लांब आडवे पोहा, हा पट्टा बऱ्याचदा अरुंदच असतो. बीसीडीत हवा भरावी लागली तर हाताचं बोट डम्प व्हॉल्व्हवरच (हवा बाहेर सोडायची झडप) ठेवा, कारण करंट सुटला की तीच हवा फुगते आणि तुम्हाला बुचासारखं वर फेकते.

आणि 5 मीटरवर 3 मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना सुरक्षिततेसाठी थांबणं) करतानाही तुम्ही वाहतच असता, बोटवाल्याला तुम्ही कुठे आहात ते माहीत नसतं, म्हणून रीलवरून नारिंगी एसएमबी (पृष्ठभागावर दिसणारा खुणेचा फुगा) आधीच वर सोडायचा.