कुंडीभोवती बारीक चिलटं उडताहेत? आधी माती बघा, मग औषधाचं बोला

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की नर्सरीत येणारं गिऱ्हाईक एकच विचारतं, भाऊ त्या उडणाऱ्या चिलटांवर काहीतरी फवारा द्या ना. फवारा देऊ, पण नुसत्या उडणाऱ्या मारून काही होत नाही, कारण त्यांची पुढची पिढी खाली मातीत वाढत असते, म्हणून हे पत्रक.

आधी चिलटं कुठली ते ओळखा. आपल्या जळगावकडे घरात केळी असतातच, पिकलेल्या केळीवर घोंगावणारी लाल डोळ्याची जरा जाडसर माशी वेगळी. कुंडीवाली काळी, बारीक, लांब पायांची, छोट्या डासासारखी दिसते, चावत नाही आणि पाणी घातलं की मातीतून भुर्रकन उडते. मादी ओल्या मातीत 100 ते 200 अंडी घालते, त्यातून पांढऱ्या पारदर्शक अळ्या निघतात, डोकं काळं चकचकीत. वरच्या दोन-तीन इंचातली बुरशी आणि कुजका पाला खातात, ते कमी पडलं की कोवळी मुळं. मोठ्या जास्वंदीला काही फरक पडत नाही, पण पेटुनियाची रोपं, शेवंतीच्या नवीन लावलेल्या काड्या माना टाकतात, त्यांना जपा.

खात्री करायची असेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा, दोन-तीन दिवसांनी उलटी करा. खाली अळ्या चिकटलेल्या दिसल्या की समजून जा, आणि ती चकती घराबाहेर टाका, कुंडीत परत नको.

आता खरा उपाय, पाणी कमी करा. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाहीच. काळी माती जास्त भरलेल्या कुंड्या आठवडाभर ओल्या राहतात आणि कोकोपीट वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका. खालच्या प्लेटमध्ये साचलेलं पाणी फेका. उन्हाळ्यात कूलरजवळच्या कुंड्यांचंही असंच होतं, बाहेर 44 डिग्री आणि खोलीतली माती मात्र वाळतच नाही, तरी आपण सवयीने सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. बाहेर उन्हात असलेल्या मोगऱ्याला मात्र मे महिन्यात तहानलेलं ठेवू नका, त्याची वरची माती ऊनच वाळवतं. आणि चहाचा चोथा, भाजीची सालं, अर्धवट कुजलेलं शेणखत कुंडीत वरच टाकायचं थांबवा, हे तर त्यांचं जेवणच आहे!

उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा, कपाशीत लावतात तेच, कृषी केंद्रात मिळतात. आडवा किंवा उभा, पण मातीच्या अगदी जवळ लावायचा, कारण या माश्या उंच जात नाहीत. घरी करायचं तर पिवळ्या पुठ्ठ्यावर पॉलिथिन गुंडाळून एरंडेल चोपडा.

अळ्यांसाठी वरची दोन इंच माती खुरप्याने सैल करून मूठभर निंबोळी पेंड मिसळा (10 इंची कुंडीला), वरच पसरून ओली ठेवू नका, तिच्यावरच बुरशी येते. त्रास जास्त असेल तर बीटीआय घ्या, हे बॅसिलस जातीचं जिवाणू औषध, डासांच्या अळ्यांसाठीही वापरतात. लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात कालवून मातीत ओतायचं, फवारायचं नाही, कारण अळीने ते खाल्लं तरच मरते. मधमाशांना, माणसांना, घरच्या कुत्र्या-मांजरांना त्रास नाही.

पण एकदा करून सोडू नका. अंड्यापासून माशीपर्यंत साधारण 3-4 आठवडे लागतात, औषधाच्या वेळी जी अंडी असतात ती वाचतात, म्हणून दर आठवड्याला एकदा असं महिनाभर करा, सापळाही तोवर राहू द्या. एका कुंडीत दिसल्या तरी शेजारच्या सगळ्या कुंड्या तपासा.

महिन्यानंतरही सापळ्यावर नवीन माश्या चिकटत असतील तर कुंडी आमच्याकडे घेऊन या. माती बदलून देऊ, मुळं तपासू, आणि खालची भोकं बुजली असतील तर तीही मोकळी करून देऊ.