लाल कापडाच्या त्या पसाऱ्यामागे काय आहे?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक छोटं तैलचित्र आहे, जेमतेम २६ सेंटिमीटर उंच आणि १९ सेंटिमीटर रुंद. काळोख्या पार्श्वभूमीवर एका पुरुषाचा चेहरा, थेट आपल्यावर रोखलेले डोळे आणि डोक्यावर लालभडक कापडाचा मोठा पसारा. चित्र पंधराव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार यान व्हान आयक याचं. २१ ऑक्टोबर १४३३ ही तारीख मूळ चौकटीवरच लिहिलेली आहे. चित्रातला माणूस स्वतः व्हान आयकच असावा असं अनेक अभ्यासक मानतात. गॅलरीनं शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. जुनी युरोपीय वस्त्रं हातानं शिवून पाहणारे या चित्राकडे पुन्हापुन्हा वळतात, ते मात्र त्या लाल पसाऱ्यासाठी.

हे चित्र दीर्घकाळ 'लाल पगडीवाला' म्हणूनच ओळखलं जात होतं. त्यामुळे पहिला मोह होतो तो लांब लाल कापड घेऊन फेट्यासारखं बांधून बघण्याचा. तसं केलं की चित्रातल्या घड्या काही केल्या जुळत नाहीत. जुळणार तरी कशा? हे मुळात शिवलेलं वस्त्र आहे. फ्रेंचमध्ये त्याला 'शापरों' म्हणत.

शापरोंची सुरुवात अगदी साधी होती. मध्ययुगात थंडीवाऱ्यात काम करणारे, प्रवास करणारे लोक डोकं, मान आणि खांदे एकदम झाकणारं लोकरी वस्त्र घालत. आपल्याकडे तान्ह्या बाळाला घालतात त्या कुंचीसारखं, फक्त गळ्याखाली बंद आणि खांद्यांवर घेर असलेलं. चौदाव्या शतकात डोक्यामागचं टोक लांबत गेलं आणि त्याची शेपटी झाली. स्वीडनमधल्या बॉकस्टेनच्या दलदलीत १९३६ साली एका मध्ययुगीन माणसाचे अवशेष कपड्यांसकट मिळाले. त्याच्या डोक्यावरच्या वस्त्राची शेपटी सुमारे ९० सेंटिमीटर आहे. ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसच्या दफनभूमीत १९२१ च्या उत्खननात अशी बरीच वस्त्रं निघाली; ती कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. कापड कुठे बेतलं, जोड कुठे दिला, हे रंगवलेल्या चित्रातून कळत नाही. ते या मातीतून निघालेल्या लोकरीवरून कळतं, म्हणून मला ही वस्त्रं चित्राइतकीच मोलाची वाटतात.

मग कुणीतरी एक गंमत केली. चेहऱ्यासाठी ठेवलेलं भोक चेहऱ्यावर न आणता थेट डोक्यावर बसवलं. खांद्यांवरचा घेर एका बाजूला कोंबड्याच्या तुऱ्यासारखा पडला, शेपटी दुसऱ्या बाजूला लोंबू लागली. उन्हातान्हात सोयीची ही तऱ्हा पाहता पाहता फॅशन झाली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या भोकाच्या काठाला भरीव चुंबळ जोडली गेली आणि शापरों टोपीसारखं उचलून डोक्यावर ठेवता येऊ लागलं. फ्लॉरेन्समध्ये या चुंबळीला 'मात्सोक्यो' म्हणत. तिथल्याच पाओलो उच्चेल्लो या चित्रकारानं यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) अभ्यास म्हणून तिची बहुकोनी, पैलूदार रेखाटनं केली. आतला आकार समजून घ्यायला ती आजही उपयोगी पडतात.

बर्गंडीच्या, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियम भागातल्या एका श्रीमंत सरदारी राज्याच्या, दरबारात शापरोंला मोठा मान मिळाला. १४१९ मध्ये वडिलांचा खून झाल्यावर ड्यूक फिलिपनं काळा रंग धरला. त्याच्या चित्रांत दिसतं ते भलंमोठं काळं शापरों. व्हान आयक १४२५ पासून याच फिलिपच्या पदरी होता. चित्रातला लाल रंग वेगळी गोष्ट सांगतो. त्या काळी उंची लोकर भूमध्य सागराकाठच्या ओकवर वाढणाऱ्या केर्मेस किड्यांपासून काढलेल्या रंगात रंगवत, आणि ती अतिशय महाग असे. स्वस्तातला लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून मिळे. चित्रातलं कापड यांपैकी कशात रंगवलेलं, ते नुसतं पाहून ठरवता येत नाही.

व्हान आयकच्याच, १४३० च्या सुमाराच्या दुसऱ्या एका चित्रात निळं शापरों आहे. त्याची टोकं छातीवर सोडलेली आहेत. लाल शापरोंची शेपटी मात्र वर घेऊन डोक्याभोवती बांधली आहे. रंगात लोळू नये म्हणून चित्रकारानं ती बांधली असावी, हा तर्क मला पटतो. याच बांधणीमुळे सगळं पगडीसारखं दिसतं.

शिवताना म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चुंबळ, मग तिला जोडलेला घेर आणि शेपटी, आणि बांधणी सगळ्यात शेवटी. कापड दाट दाबलेली लोकरच हवी. अशा लोकरीची कापलेली कड उसवत नाही, म्हणून त्या काळी काठ न दुमडता तसेच ठेवता येत, आणि घडीही जाड, गोलसर बसते. सुती कापड लुळं पडतं. रेशमाची घडी फार धारदार येते. चित्र जवळून पाहिलं, तर कापडाचं हे वजन रंगांतही जाणवतं.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात शापरों मागे पडलं. इंग्लंडच्या 'ऑर्डर ऑफ द गार्टर' या जुन्या राजसन्मानाच्या मानकऱ्यांच्या पोशाखात मात्र त्याचा अवशेष अजून आहे, डोक्यावरून उतरून खांद्यावर आलेला.