दारावरच्या १२० मिनिटांची पूर्वपीठिका

सोसायटीच्या जिन्याला फायर डोअर बसवायचं ठरतं आणि तीन कोटेशनं येतात: एकातलं दार आग ६० मिनिटं अडवून धरणारं, दुसऱ्यातलं ९०, तिसऱ्यातलं १२०. मग कमिटीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "दोन तास कशाला? पाच मिनिटांत सगळे खाली येतील की!" शंका रास्त आहे. पण माणसं किती वेळात उतरतात यावरून हे आकडे मुळात ठरलेच नव्हते. माल किती वेळ जळतो, यावरून ते ठरले.

सुरुवात गिरण्या आणि गोदामांपासून. एका खात्यातली आग शेजारच्या खात्यात जाऊ नये, ही काळजी मालकाइतकीच विमा कंपनीलाही असायची. त्यातून आलं पत्र्याने मढवलेलं लाकडी दार. आत आडव्या-उभ्या फळ्यांचे थर, वर कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा. लाकूड कशाला, असं वाटेल. पण नुसतं लोखंडी दार तापलं की वाकतं आणि चौकटीपासून सुटतं. पत्र्याआडच्या लाकडाला हवा मिळत नाही, ते सावकाश कोळसत राहतं. हे दार उतरत्या रुळावर टांगलेलं, वजन लावून उघडं धरलेलं. दोरीत मऊ धातूची एक कडी. सत्तरएक अंशांना ती वितळली की दार स्वतःच्या भाराने घरंगळत येऊन बंद. ना वीज लागे, ना रखवालदार.

मिनिटं मोजायची पद्धत नंतरची. लंडनमध्ये १८९७ साली क्रिपलगेट भागात मोठी आग लागली. त्याच सुमारास एडविन सॅक्स या वास्तुविशारदाने स्थापन केलेल्या समितीने दारं, भिंती, तक्तपोशी भट्टीत तपासायला घेतल्या. भट्टी कोणत्या वेगाने तापवायची याचा आलेख अमेरिकेत १९१८ पर्यंत पक्का झाला: पाचव्या मिनिटाला ५३८ अंश, तासाने ९२७, दोन तासांनी १०१०. पुढे सायमन इंगबर्ग यांनी खोल्यांत फर्निचर आणि कागद भरून त्या चक्क जाळून पाहिल्या आणि १९२८ मध्ये हिशेब मांडला. दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो लाकूड-कागद असेल, तर ती आग भट्टीतल्या तासाभराइतकी. माल दुप्पट, तर वेळ दुप्पट. फोमचा सोफा हे गणित पाळत नाही, ही गोष्ट वेगळी.

कोटेशनातला ९० चा आकडा अमेरिकी वळणाचा. तिथे दोन तासांच्या भिंतीत दीड तासाचं दार चालतं. कारण साधं आहे: भिंतीला टेकून कपाट ठेवता येतं, दारासमोर कुणी सामान रचत नाही. (हा नियम करणाऱ्यांनी आपल्या चाळीचा जिना पाहिला नसावा.) ३० आणि ६० ही ब्रिटिश वळणाची परंपरा.

आपल्याकडे आयएस ३६१४ या फायर डोअरच्या भारतीय मानकाचा पहिला भाग १९६६ चा. त्यात प्लेटची, पत्र्याने मढवलेली आणि रोलिंग दारं, म्हणजे पुन्हा गिरणी-गोदामच. चाचणीचे निकष सांगणारा दुसरा भाग १९९२ मध्ये आला. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीने लिफ्टची लॉबी आणि जिना यांच्या तोंडाशी १२० मिनिटांचं दार मागितलं, कारण या उभ्या पोकळ्या आगीत धुराड्यासारख्या ओढ धरतात. पाच मिनिटांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. चाळीस मजले पाच मिनिटांत रिकामे होत नाहीत, आणि रहिवासी उतरले तरी अग्निशमन दलाला त्याच जिन्याने वर जायचं असतं.

आकड्यावरचा भरवसा किती फसवा, हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीने दाखवलं. १४ जून २०१७ रोजी त्या रहिवासी टॉवरमध्ये ७२ जण गेले. नंतर तिथल्या फ्लॅटचं ३० मिनिटांचं म्हणवणारं एक दार भट्टीत लावलं, तर ते साधारण १५ मिनिटांतच निकामी झालं. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली: कित्येक दारांना आपोआप बंद करणारी यंत्रणाच (क्लोजर) नव्हती, किंवा होती ती बिघडलेली. धूर तिथूनही शिरला. आपल्याकडे वारा यावा म्हणून जिन्याचं दार रेलिंगला सुतळीने बांधून ठेवतात. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, भरला जातो. मधल्या महिन्यांत सुतळी असतेच.

भट्टीत चाचणी होते ती झडप, चौकट, बिजागऱ्या, काच, क्लोजर आणि उष्णतेने फुगणारी पट्टी या सगळ्या संचाची. म्हणून १२० चं कोटेशन हातात आलं की चाचणीच्या अहवालात चौकट कोणती होती ते आधी बघावं. जुन्या सागवानी चौकटीत नवी झडप बसवून देतो म्हणणारे बरेच भेटतात.